पासंग

स्नेहलतागंजात, चष्म्याच्या दुकानावर, लाकडी जिना.
तेरा पायऱ्या. नवव्या पायरीवर मी थांबतो
उजवा खांदा कठड्याला टेकवून,
जणू पेटी अजून हातात आहे.

एकतीस वर्षं होती.
आत लाल मखमल, मखमलीत खळगे,
खळग्यांत पितळेची प्रमाण वजनं.
एका ग्रॅमला चिमट्यानंच उचलायचं,
बोटाचा घामही त्याला भारी.
सियागंज, मल्हारगंज, नंदलालपुरा:
वजनमापे निरीक्षक मुळ्ये आले की
दुकानदार गादीवरून उठायचे.
आता कोणी उठत नाही.
मीही धड उभा राहत नाही.

मेईलानबाई कलकत्त्याच्या, टांगऱ्यातल्या.
आजोबा चामडं कमावायचे, आजी माणसं रगडायची.
लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला चाळीस वर्षं झाली,
त्यामुळे हिंदी अस्सल इथली:
"भिया, साँस छोड़ो. पकड़ के क्यों बैठे हो?"

तेल नाही. अंगावर पांढरी चादर,
तिच्यावरून त्यांच्या मुठीची पाठ लोळत जाते
मानेपासून माकडहाडापर्यंत
आणि तशीच परत.
तुई म्हणजे ढकलणं, ना म्हणजे धरणं.
म्हटलं, आमच्या खात्यातही हेच चालायचं.
हसल्या. अंगठा थांबला नाही.

खांद्याच्या माथ्यावर एक जागा आहे,
त्यांच्यात तिला विहीर म्हणतात.
तिथे अंगठा सोडला त्यांनी पोहऱ्यासारखा.
बराच वेळ तळ लागला नाही.
लागला तेव्हा
मी ज्याला शिवी म्हणतो ते माझ्या तोंडून बाहेर पडलं,
आणि त्या म्हणाल्या, "हाँ. ये."

डावा पाय वाकडा पडतो, तेवढा सरळ करा, मी म्हणालो.
"पैर ख़राब नहीं है, भिया.
कंधा गिरा, तो पैर ने सँभाल लिया.
पहले पैर सीधा करूँगी, तो आप गिरोगे."

आणि मला चिंच आठवली.

नंदलालपुरा, नोकरीचं दुसरं वर्ष.
गेंदाबाई, गोणपाटावर कांदे.
तराजूच्या डाव्या पारड्याखाली
सुपारीएवढा चिंचेचा गोळा चिकटवलेला.
मी आवाज चढवला, माणसं जमवली, पंचनामा केला.
ती पारड्याबद्दल काही सांगत होती,
माझं लिहिणं चाललं होतं.
तराजू जप्त.
मग समोरच्या गिऱ्हाइकाला तिनं हातानंच कांदे दिले,
ओंजळ दोनदा खालीवर करून.
मी ते हिसकून माझ्या काट्यावर टाकले.
एक किलो.
वर अर्धा कांदा, तिच्याकडून.

संध्याकाळी कचेरीत पारडं पालथं केलं.
काठ तुटलेला, दोन बोटं.
चिंच तेवढीच होती
जेवढा काठ नव्हता.

कागदावर "पासंग आढळला" एवढंच आहे.
खोटं नाही त्यात काही.
तुटक्या काठासाठी त्या नमुन्यात रकाना नव्हता.
दंड तिनं चार हप्त्यांत भरला,
पावत्या मीच फाडल्या.
मालखान्यात तराजू किती वर्षं टांगून होता,
विचारलं नाही कधी.

बाईंनी माझ्या दोन्ही टाचा तळव्यांत घेतल्या,
जुळवल्या, डोळे मिटले.
खालीवर. पुन्हा खालीवर.
"कितना फ़र्क है?"
"है थोड़ा," त्या म्हणाल्या. "रहने दो अभी.
अगले मंगल को आना."

खाली ठेलेवाल्याचा काटा नवा, विजेवरचा,
हिरवा आकडा थरथरत होता.
तो स्थिरावायच्या आत मी पैसे दिले.
"देख तो लो, बाबूजी," तो म्हणाला.

पिशवी डाव्या हातात घेतली.
जड होती.
किती, ते हाताला सांगता आलं नाही.
पेटी नसलेल्या हाताला
मी कधी काही शिकवलंच नव्हतं.